स्कॉलरशिपची परीक्षा, मुलाखत आणि त्याआधीचा बर्सरीचा फॉर्म

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो. मुलगी इयर ५ मध्ये आहे, सप्टेंबरमध्ये इयर ६ ला जाईल. अभ्यासात चांगली आहे, गणित आवडतं, पण परक्या माणसासमोर तोंड उघडत नाही. इंडिपेंडंट, म्हणजे खासगी शाळेची पूर्ण फी आम्हाला झेपणार नाही, स्कॉलरशिप मिळाली तरच विचार करू. मिस्टर म्हणतात आत्ताच ट्यूटर लावू, मला वाटतं ती अजून लहान आहे. मुलाखतीत काय विचारतात? उत्तरं पाठ करून घेतली तर चालेल का?

उत्तर:

तुमचं "स्कॉलरशिप मिळाली तरच" हे वाक्य मी दोनदा वाचलं. अभ्यास, ट्यूटर, मुलाखत हे सगळं नंतर. आधी त्याबद्दल बोलू या, कारण आपल्या लोकांची फसगत बहुतेक वेळा इथेच होते. मी पश्चिम लंडनमध्ये आधी प्राथमिक शाळेत शिकवलं आणि आता बरीच वर्षं या परीक्षांची तयारी करून घेते. दरवर्षी फेब्रुवारीत एखादं तरी घर असं भेटतं, जिथे मुलाला खरोखर स्कॉलरशिप मिळालेली असते आणि तरीही शाळेला नाही म्हणावं लागतं.

स्कॉलरशिप म्हणजे फी माफ, असं आपल्या डोक्यात भारतातून बसलेलं असतं. इथल्या इंडिपेंडंट शाळांत स्कॉलरशिप हा आता मुख्यतः मान आहे. बऱ्याच शाळांत फीमध्ये पाच ते दहा टक्के सूट मिळते, काही ठिकाणी तर फक्त लहानशी ठरावीक रक्कम. १ जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट लागला आहे. लंडन आणि आसपासच्या चांगल्या डे स्कूलची (निवासी नसलेल्या शाळेची) फी व्हॅटसकट वर्षाला २८,००० पौंड धरली, तर दहा टक्के म्हणजे २,८००. उरलेले २५,२०० दरवर्षी तुम्हीच भरायचे, इयर ७, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षापासून इयर १३ पर्यंत सात वर्षं, आणि फी वाढत जाते ती वेगळी.

तुम्हाला हवी आहे ती बर्सरी. ती घरचं उत्पन्न आणि मालमत्ता बघून ठरते आणि काही शाळांत शंभर टक्क्यांपर्यंत जाते. पूर्वी ही दोन्ही एकच होती. विंचेस्टर कॉलेज १३८२ मध्ये निघालं ते ७० गरीब विद्यार्थ्यांसाठी, १४४० मध्ये ईटन निघालं तेही गरीब विद्यार्थ्यांसाठीच. ज्याचा खर्च संस्था करते तो स्कॉलर. पुढे मान एका शब्दाकडे गेला आणि पैसे दुसऱ्याकडे. ससेक्समधलं १५५२ सालचं क्राइस्ट्स हॉस्पिटल आजही फार मोठ्या प्रमाणावर घरच्या उत्पन्नानुसार मदत देतं, पण ती मुख्यतः निवासी शाळा आहे. अकराव्या वर्षी मुलीला घराबाहेर ठेवायची तुमची तयारी आहे का, हा वेगळा प्रश्न.

बर्सरीचा फॉर्म वेगळा असतो, त्याची शेवटची तारीखही वेगळी असते आणि कित्येकदा ती परीक्षेच्या आधीच येऊन जाते. परीक्षा झाल्यावर "आता फीचं बघू" म्हणणाऱ्यांची वेळ टळून गेलेली असते. दोघांचे पगार, पी-६० (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद), बँकेची स्टेटमेंट्स, बचत, मॉर्गेज, गाडी, सगळं मागतात. आणि परदेशातली मालमत्ता. पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट, आईवडिलांबरोबर जोडनावावर असलेल्या ठेवी, आणि गावाकडची जमीन. सातबाऱ्यावर तुमच्या मिस्टरांचं नाव चार काका आणि सात चुलतभावांबरोबर असेल, त्यातून एक रुपया हातात येत नसेल, तरीही ते लिहायचं. न लिहिता पुढे कळलं तर मदत जाते आणि मुलीची शाळाही मध्येच सुटते. लिहिलं, आणि सोबत एक पानभर साध्या इंग्रजीत खुलासा जोडला की ही वडिलोपार्जित सामाईक जमीन आहे, वाटणी झालेली नाही, आमच्या हिश्श्याचं उत्पन्न शून्य, तर शाळा समजून घेतात. मी असे खुलासे अनेकदा लिहून दिले आहेत. काही शाळा घरी माणूस पाठवून पाहणी करतात, त्यात अपमान वाटून घेऊ नका. दरवर्षी ही छाननी पुन्हा होते, तेव्हा एक फाइल करून ठेवा. त्या त्या शाळेच्या ॲडमिशन ऑफिसला फोन करून "आमचं एकत्र उत्पन्न इतकं आहे, आम्ही पात्र ठरू शकतो का" असं सरळ विचारा. बरेचजण अंदाज देतात. बर्सरीसाठी अर्ज करणाऱ्यांना नोंदणीची फी माफ होते का, तेही त्याच फोनमध्ये विचारा. एकेका शाळेची ही फी शंभर-दोनशे पौंडांच्या घरात असते आणि परत मिळत नाही.

आता परीक्षा. शाळेगणिक ती वेगळी असते, म्हणून आधी शाळा ठरवा, तीन किंवा चार, आणि मग पुस्तकं आणा. काही शाळा आयएसईबी या इंडिपेंडंट शाळांच्या परीक्षा मंडळाची कॉमन प्री-टेस्ट घेतात. ती संगणकावर असते: इंग्रजी, गणित, व्हर्बल आणि नॉन-व्हर्बल रीझनिंग (शब्दांवरचे आणि आकृत्यांवरचे तर्काचे प्रश्न). उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड होतो, आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. "सोपे आधी सोडव, अवघड शेवटी" ही आपली जुनी शिकवण तिथे चालत नाही आणि मुलं गडबडतात. लंडनमधल्या बऱ्याच मुलींच्या शाळांची मिळून एक सामाईक परीक्षा असते, ती १०० मिनिटांची. बाकीच्या शाळा स्वतःचे कागदी पेपर काढतात. इयर ७ च्या प्रवेशाला स्कॉलरशिपची वेगळी परीक्षा बहुतेक ठिकाणी नसतेच. प्रवेशाच्याच पेपरात शेवटचे काही प्रश्न मुद्दाम चढे ठेवलेले असतात, आणि तो पेपर व मुलाखत मिळून स्कॉलर निवडतात. संगीताची स्कॉलरशिप वेगळी. तिथे एका वाद्यात साधारण संगीत परीक्षांच्या ग्रेड ४-५ च्या तोडीचं वाजवावं लागतं.

गणित आवडतं म्हणालात. आपल्या घरांतली एक सवय सांगते. प्रश्न असा: ३ वह्या आणि २ पेनं ७.६० पौंडांना, ३ वह्या आणि ५ पेनं १०.९० पौंडांना, तर पेन केवढ्याचं? बाबा लगेच म्हणतात, "एक्स मान, वाय मान, समीकरण मांड." मुलगी मांडते, चिन्हात चुकते, उत्तर उणे येतं, आणि तेच लिहून मोकळी होते. तिला दोन ओळी एकाखाली एक लिहू द्या आणि विचारा, "काय बदललं?" वह्या तेवढ्याच, पेनं तीन वाढली, पैसे ३.३० वाढले. पेन १.१० चं. दहा वर्षांच्या मुलीला हे दिसतं, आणि एकदा दिसलं की नव्या प्रश्नातही दिसतं. कागदी पेपरात पायऱ्या लिहिल्या तर गुण मिळतात, म्हणून मनातल्या मनात सोडवून नुसतं उत्तर लिहिण्याचा अभिमान हळूहळू मोडा.

पण आपल्या मुलांचे गुण जातात ते बहुधा इंग्रजीत. शब्दांच्या याद्या घोटून स्पेलिंग पक्कं होतं, तरी उताऱ्यात न लिहिलेलं वाचता येत नाही. मी वर्गात एक वाक्य देते: म्हाताऱ्याने टेबलावर दोन कप मांडले, थांबला, आणि एक परत कपाटात ठेवला. यावरून काय कळतं? निम्मी मुलं लिहितात, "त्याने एक कप परत ठेवला." शून्य गुण. एका मुलाने लिहिलं होतं, त्याची बायको गेली असेल आणि तो रोजच्या सवयीने दोन कप काढत असेल. हे शिकवायचं तर रोज तिच्याबरोबर दहा मिनिटं वाचायचं आणि एकदाच थांबून विचारायचं, "तो असं का वागला असेल?" तुमचं इंग्रजी चाचपडत असेल तर हा प्रश्न मराठीत विचारा. विचार मराठीत झाला तरी तो विचारच आहे, आणि तो इंग्रजीत उतरवायचं काम तिची शाळा करून देते. माझ्याकडे इंग्रजीत पुढे गेलेल्या मुलांपैकी कितीतरी जण घरी अस्खलित मराठी बोलणारे आहेत. मुलाखतीच्या भीतीने घरातलं मराठी बंद करू नका, एवढं कळकळीने सांगते.

आता मुलाखत. तुमची खरी काळजी तीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेक मुलाखती दहा ते वीस मिनिटांच्या असतात. समोर एक किंवा दोन शिक्षक. कधी चार-पाच मुलांना एकत्र बसवून काहीतरी बांधायला किंवा ठरवायला देतात. हल्ली काय वाचतेस, शाळेत कशाची चर्चा झाली, पेपरात काय अवघड गेलं, इथपासून सुरुवात होते. मग एखादं चित्र, छोटी कविता, एखादी अनोळखी वस्तू, किंवा तिचाच चुकलेला गणिताचा प्रश्न समोर ठेवतात. तिला सगळं येतं का, हे ते बघत नसतात, ते त्यांना पेपरातून कळलेलं असतं. एक धागा दिला तर ती तो पकडते का, न येणाऱ्या गोष्टीशी ती कशी झटापट करते, आणि अशा मुलीला वर्गात शिकवायला आवडेल का, हे ते बघतात.

म्हणून पाठ केलेली उत्तरं चालत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत मीही उत्तरं लिहून देत असे. "आमचीच शाळा का?" याचं एक छान उत्तर मी एका मुलाला दिलं होतं, तीन शाळांसाठी तेच, फक्त नाव बदलून. दुसऱ्या मुलाखतीत त्याच्या तोंडून पहिल्या शाळेचं नाव गेलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ थरथरत होते. चूक त्याची नव्हती, माझी होती. त्यानंतर मी एकही उत्तर लिहून दिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे सरावासाठी आली. तुमच्या मुलीसारखीच, अबोल. आईने बावीस प्रश्नांची उत्तरं टाइप करून फोल्डरमध्ये लावली होती. फावल्या वेळात काय करतेस, असं विचारल्यावर तिने माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत सांगितलं, "मला वाचन, पोहणं आणि बुद्धिबळ आवडतं. बुद्धिबळामुळे एकाग्रता वाढते." मी विचारलं, शेवटचा डाव कोणाशी खेळलीस? गप्प. फोल्डरमध्ये ते नव्हतं.

होळी नुकतीच झाली होती आणि माझ्या ओट्यावर पुरणयंत्र धुऊन वाळत ठेवलं होतं. मी ते उचलून तिच्यासमोर ठेवलं आणि काहीच बोलले नाही. तिने हँडल फिरवलं, जाळी काढली, उलटी लावून बघितली, पुन्हा सरळ लावली. म्हणाली, "आजीकडे आहे. पण तिचं पितळेचं आहे." मग आपणहून सांगायला लागली: डाळ गरम असतानाच घालायची, गार झाली की हँडल जड होतं, आणि शेवटी खाली एक थर उरतोच, तो आजी चमच्याने काढून मला देते. मी विचारलं, तो थर का उरतो? ती थांबली. पातं आणि जाळी यांच्या फटीत करंगळी घालून बघितली. "पातं जाळीला टेकलं तर घासेल, म्हणून जागा ठेवलीय. तेवढीच डाळ उरते." या सगळ्याला पाचेक मिनिटं लागली असतील, आणि तेवढ्यात तिने माझ्याकडे सरळ बघितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने फोल्डर पिशवीत ठेवला.

तुमच्या मुलीकडेही असं काहीतरी नक्की आहे. ते शोधायचं काम तुमचं. सुट्टीतला एसटीचा प्रवास असेल, आजोबांचा रेडिओ उघडून बघणं असेल, गणपतीचं मखर करताना पुठ्ठा का वाकतो याची खटपट असेल. आपल्या घरातल्या गोष्टी मुलाखतीत सांगायच्या नसतात, तिथे बुद्धिबळ आणि पियानोच सांगायचा, असं मुलांना का वाटतं? कारण आपणच तसं सुचवतो. शिक्षकांना बुद्धिबळ दिवसातून वीस वेळा ऐकायला मिळतं.

दुसरी अडचण आपल्या संस्कारांतून येते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये, उलट उत्तर देऊ नये, हे आपण शिकवतो आणि ते चांगलंच शिकवतो. पण मुलाखतीत शिक्षक मुद्दाम म्हणतात, "मला नाही वाटत ही कविता दुःखी आहे." आपलं मूल लगेच मान डोलावतं. त्याला तो आदर वाटतो, समोरच्याला वाटतं याला स्वतःचं मत नाही. तिला घरी सांगा की कारण देऊन नाही म्हणणं हे उलट बोलणं नव्हे. रोज रात्री जेवताना एक प्रश्न काढा: शाळेत फोनवर बंदी असावी का, हरवलेली वस्तू सापडली तर किती दिवस वाट बघायची, असलं काहीही. तिने बाबांच्या विरुद्ध बाजू घ्यायची. बाबांनी तिचं वाक्य पूर्ण करायचं नाही, इंग्रजी सुधारायचं नाही, आणि दहा सेकंद शांतता पडली तरी धीर धरायचा. हे शेवटचं बाबांना सगळ्यात जड जातं. "जरा विचार करू का?" असं विचारायला परवानगी आहे, हेही तिला स्पष्ट सांगा. कित्येक मुलांना हे माहीतच नसतं आणि गप्प राहण्याच्या भीतीने ती काहीतरी बोलून टाकतात.

परक्या माणसासमोर तोंड उघडत नाही, यावर माझा एक साधा उपाय आहे. दर आठवड्याला एक लहान काम तिने एकटीने करायचं: लायब्ररीत जाऊन पुस्तक कुठे आहे ते विचारायचं, दुकानात बदलून मागायचं, आजीच्या मैत्रिणीचा फोन घ्यायचा. तुम्ही दोन पावलं मागे उभं राहायचं. मे महिन्यापासून सुरू केलंत तर जानेवारीपर्यंत तिशीच्या वर संधी होतात. ती बडबडी होणार नाही, आणि तशी गरजही नाही. हळू बोलणारी, पण बोललेल्याला कारण देणारी मुलगी शिक्षकांना आवडते.

ट्यूटरबद्दल तुमच्या दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. आत्ता आठवड्याला एक तास पुरे, तोही ज्या विषयात ती अडते त्यात. लंडनच्या आसपास तासाला चाळीस ते साठ पौंड जातात, तेव्हा सगळ्या विषयांना लावू नका. घरी पाच दिवस अर्धा-पाऊण तास. पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवणं सप्टेंबरपासून, आठवड्याला एक. पेपर तपासताना गुण मोजत बसू नका, चुकलेल्या प्रश्नांची वही करा आणि तीच परत सोडवून घ्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात काहीही नवीन नको. आणि ती ऑगस्टमध्ये जन्मलेली असेल तर वर्गातल्या सप्टेंबरच्या मुलांशी तुलना करू नका. आयएसईबीसारख्या परीक्षांत गुण वयानुसार जुळवून घेतात.

तारखांचं म्हणाल तर नोंदणी बहुतेक ठिकाणी इयर ६ च्या शरद सत्रात बंद होते, परीक्षा साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, मुलाखती त्याच सुमारास, उत्तर फेब्रुवारीच्या मध्यावर, आणि तुमचा होकार मार्चच्या सुरुवातीला. पण सरकारी शाळांचा फॉर्म ३१ ऑक्टोबरला बंद होतो आणि त्याचं उत्तर १ मार्चला येतं. तो फॉर्म भरायचाच, इंडिपेंडंटची कितीही खात्री वाटली तरी. शिवाय तुम्ही स्लाउला आहात. तिथे चार ग्रामर शाळा, म्हणजे परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळा आहेत, फी नाही, आणि त्यांची परीक्षा सप्टेंबरमध्येच असते. त्यासाठी नोंदणी मात्र इयर ५ च्या उन्हाळ्यातच करावी लागते, म्हणजे आत्ताच. तयारी बरीचशी तीच आहे. मी तुमच्या जागी असते तर ग्रामर पहिलं धरलं असतं आणि इंडिपेंडंट फक्त पुरेशी बर्सरी देणाऱ्या दोन शाळांपुरतं.

या आठवड्यात एवढं करा: ग्रामरची नोंदणी, आणि दोन शाळांच्या ॲडमिशन ऑफिसला फोन. सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाइन निघतो, तो मिस्टरांना काढायला सांगा, आणि काढून झाल्यावर मुलीला दाखवा की त्यावर कोणाकोणाची नावं आहेत.